विहार बांधण्यापूर्वी

आपल्या शाळेच्या आवारात नवा विहार उभारण्याचे ठरले आहे आणि त्याचे संकल्पचित्र कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागले आहे. दिवाळीच्या सुटीत शाळेत आले होते, तेव्हा मी ते बराच वेळ पाहत उभी राहिले. मध्यभागी मोठा पांढरा घुमट, त्यावर सोनेरी छत्रावली, पुढे संगमरवरी पायऱ्या, दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे. चित्र देखणे आहे आणि ते श्रद्धेने काढले आहे यात शंका नाही. मागून सर आले. म्हणाले, "काय गं, तू आता आर्किटेक्ट होणार ना? मग सांग, कसा वाटतो विहार?" मी "छान आहे, सर" एवढेच म्हटले. ज्या सरांसमोर पाढे म्हटले, त्यांच्यासमोर याहून अधिक काही लगेच सुचले नाही. पुढे या स्मरणिकेसाठी 'मला प्रेरणा देणाऱ्या वास्तू' या विषयावर लिहिण्याची सूचना आली. तेव्हा ठरवले की ते अर्धवट राहिलेले उत्तर येथेच पूर्ण करावे.

वास्तुकलेच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षापासून जगभरच्या थोर इमारतींची चित्रे दाखविली जातात. जपानमधील आवाजी बेटावर तादाओ आन्दो यांनी बांधलेले जलमंदिर मी असेच पडद्यावर पाहिले. वर कमळांचे लंबवर्तुळाकार तळे आहे, त्याच्या मधोमध खाली उतरणारा जिना आहे आणि मंदिर त्या पाण्याच्या खाली आहे. बौद्ध मंदिराला उंच शिखर हवेच असे नाही, उपासक खालीही उतरू शकतो, ही कल्पना कळली त्या दिवशी मला झोप लागली नाही. कोलंबोच्या बैरा तलावातील जेफ्री बावा यांचे सीमा मलाका, अहमदाबादच्या साबरमती आश्रमातील चार्ल्स कोरिया यांचे गांधी स्मारक संग्रहालय या वास्तूही अशाच आवडत्या झाल्या. कोरियांचे संग्रहालय १९६३ सालचे. विटांचे खांब, कौलारू छपरे, सारखी चौकोनी दालने एकाला एक जोडलेली. पुढे गरज पडली आणि पैसा आला की आणखी दालने जोडता यावीत, अशी तिची रचना आहे. ही गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. तिच्याकडे मी पुन्हा येईन.

तथापि प्रेरणा म्हणून ज्या वास्तूचे नाव मी घेईन ती आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाने पाहिलेली आहे. सातवीच्या सहलीत आपण सारे तिथे जातो, डबे खातो, फोटो काढतो आणि परततो. नाशिककर तिला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिच्याशी काही संबंध नाही. तेथील शिलालेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे आहे आणि आपण त्याच नावाने तिला ओळखावे हे योग्य आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासपासून पुढे काही शतके तेथे खोदकाम होत राहिले. एकूण लेणी चोवीस. त्यांत चैत्यगृह एकच, अठराव्या क्रमांकाचे. बाकी बहुतेक सारे विहार.

हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. वंदनेची जागा एक, आणि राहण्याच्या जागा इतक्या. 'विहार' या शब्दाचा मूळ अर्थच भिक्खूंच्या निवासाची जागा असा आहे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूने भ्रमंती थांबवून एका ठिकाणी वर्षावास करावा, असा संघाचा नियम. सह्याद्रीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला या डोंगरांत लेणी का कोरली गेली हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसऱ्या वर्षी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आम्ही चौघी तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचा नकाशा काढायला गेलो. टेप धरून मापे घ्यायची, कागदावर मांडायची, पुन्हा मोजायचे. मधे एक मोठे दालन, एकही खांब नाही, छत सपाट. भिंतींच्या पायथ्याशी तीन बाजूंनी फिरणारा दगडी बाक. त्या तीन बाजूंना अठरा खोल्या. प्रत्येक खोलीला एक लहान दार आणि दार उघडले की समोर मधले दालन. पुढे ओसरी. संध्याकाळी वसतिगृहात परतल्यावर तो नकाशा स्वच्छ करून काढू लागले आणि माझा हात थांबला. हा नकाशा मला पाठ होता. मधे चौक, तिन्ही बाजूंना खोल्या, पुढे ओसरी. आपल्या शाळेचे मुलींचे वसतिगृह! ज्यांनी ते बांधले त्यांनी लेण्याचा नकाशा समोर ठेवला असेल असे मला वाटत नाही. पुष्कळ मुलींना थोड्या पैशांत एकत्र राहता यावे, एकमेकींवर लक्ष राहावे आणि तरी प्रत्येकीला आपला कोपरा असावा, या गरजेतून तो आपोआप तसा झाला असावा. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात वंदना म्हणताना पुढच्या रांगेचा आवाज मागच्या रांगेला ऐकू येत नसे, हे त्या काळातील कोणत्याही मुलीला आठवत असेल. तरीही आपण सात-आठ वर्षे एका विहारात राहत होतो, हे मला तो नकाशा काढेपर्यंत उमगले नव्हते.

त्या ओसरीच्या खाली सहा मोठ्या मूर्ती आहेत. अर्ध्या जमिनीत रुतलेल्या, तुळयांची टोके खांद्यावर घेतलेल्या. सारा विहार जणू त्यांनी उचलून धरला आहे. अभ्यासक त्यांना यक्ष किंवा गण म्हणतात. आमच्यातील एक मैत्रीण, जिचे वडील बांधकामावर जातात, ती त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "हे आपले लोक." तिचे म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर टिकेल की नाही, कोण जाणे. मला ते पटले.

आता त्या लेण्यांतील लेखांविषयी. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेले हे लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मराठीत समजावून दिले आहेत, त्यामुळे आपल्यासारख्यांना ते वाचता येतात. लेण्याला त्यात 'लेण' हाच शब्द आहे, पाण्याच्या टाक्याला 'पोढी'. दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी करविले. त्याचा लेख मी प्रथम वाचला तो लेण्याच्या सौंदर्याविषयी काही असेल या अपेक्षेने. त्यात सौंदर्याविषयी काहीच नाही. त्यात हिशेब आहे.

उषवदाताने संघाला ३००० कार्षापण दिले. ते त्याने भिक्खूंच्या हाती ठेवले नाहीत, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ या व्याजाने. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यातील २००० चे व्याज चीवरांसाठी. या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंपैकी प्रत्येकाला वर्षाला १२ कार्षापण. हा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू, प्रत्येकी बारा, तेही २४०. एक कार्षापण कमी नाही, एक जास्त नाही. शिवाय हे सारे निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदविल्याचेही लेखात सांगितले आहे. म्हणजे दगडात खोली कोरण्यापूर्वी किंवा कोरतानाच, त्या खोलीत राहणाऱ्याच्या अंगावर वस्त्र कोठून येईल हे कोणीतरी बसून मोजले होते.

असे एकट्या उषवदाताने केले असे नाही. त्याच लेण्याच्या अंगणात विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेचा लेख आहे. तिने कुंभारांच्या, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या, कशासाठी, तर त्रिरश्मीवर राहणाऱ्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. तिसऱ्या लेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीच्या आज्ञांचे वाचन तर आजच्या कोणत्याही विश्वस्त मंडळाने करावे. राजाने भिक्खूंना एका गावातील शेत दिले होते. काही वर्षांनी लक्षात आले की ते शेत कोणी कसत नाही आणि ते गावही वसलेले नाही. म्हणजे दान कागदोपत्री झाले, पण भिक्खूंच्या हाती काही पडले नाही. तेव्हा राजाने आणि राजमातेने दुसरी आज्ञा काढून नगराच्या सीमेवरील सरकारी जमिनीपैकी १०० निवर्तने भिक्खूंना दिली. चूक झाली, ती पाहिली, दुरुस्त केली आणि ती दुरुस्ती दगडावर सर्वांसमोर कोरून ठेवली. आपल्याकडे कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव असते. गळक्या छपराची दुरुस्ती कोणी केली याची शिला मी अद्याप कोठे पाहिलेली नाही.

दात्यांत राजघराण्यातील माणसे आहेत, तसा सहकुटुंब दान देणारा मुगुदास नावाचा एक साधा माणूसही आहे, जो अभ्यासकांच्या वाचनानुसार कोळी होता. त्याचे नाव राणीच्या नावाइतकेच टिकले. वर्गणीच्या पावत्या फाडताना आपल्या समितीने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

त्रिरश्मीच्या डोंगरावरून उतरून गोदावरी ओलांडली की आठ-दहा किलोमीटरवर पंचवटी लागते आणि तेथे काळाराम मंदिर आहे. नाशिकच्या वास्तूंविषयी लिहायचे आणि या मंदिराचे नाव घ्यायचे नाही, हे आपल्यापैकी कोणालाही शक्य नाही. काळ्या दगडातील ती पेशवेकालीन वास्तू शिल्पकौशल्याच्या दृष्टीने उत्तम आहे आणि अभ्यासक्रमात आम्हाला ती तशीच शिकविली जाते: सभामंडप, गर्भगृह, शिखर, प्रमाणबद्धता. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संघटनेने तेथे सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. नाशिक जिल्ह्यातील आपल्या कितीतरी घरांत या सत्याग्रहाची एखादी आठवण सांगितली जाते. आमच्या घरी पणजीची आहे. तिने ते दार बाहेरून पाहिले होते. आत काय आहे हे तिने कधी पाहिले नाही, आणि पुढे पाहावेसे तिला वाटलेही नाही. वर्गात आम्हाला त्या मंदिराचा नकाशा काढायला सांगितला, तेव्हा सर्वांनी तो गर्भगृहापासून बाहेर काढत आणला. मी दारापासून सुरुवात केली. शिक्षकांनी कारण विचारले नाही, मीही सांगितले नाही.

ज्या समाजाची इमारतीशी पहिली मोठी ओळख एका बंद दाराने झाली, त्याने स्वतः इमारती बांधायला घेतल्या तेव्हा काय बांधले, हा प्रश्न मला अतिशय मोलाचा वाटतो. बाबासाहेबांनी स्वतः दादरला घर बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून, आणि त्याला नाव दिले राजगृह. औरंगाबादला त्यांनी महाविद्यालय काढले आणि त्याला मिलिंदाचे नाव दिले, परिसराला नागसेनाचे. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू! २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, तो विहार लहानसाच होता.

मग दीक्षाभूमी. नागपूरचा स्तूप आपण सर्वांनी पाहिला आहे, पण तो पाहताना एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. वास्तुकार शिवदानमल यांनी त्याचा आराखडा केला, १९७८ मध्ये काम सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. व्यास १२० फूट, उंचीही १२० फूट. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यासही सुमारे तेवढाच आहे, आणि बाहेरून दीक्षाभूमी सांचीची आठवण करून देते. परंतु सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याला आतली बाजूच नाही. उपासकाने त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालायची. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, आणि त्याच्या पोटात हजारो माणसे जाऊन बसू शकतात. स्तूपाच्या दोन हजार वर्षांच्या परंपरेत हा बदल लहान नाही. काही जाणकार त्याला परंपरेची मोडतोड म्हणतील. मला त्यात माझ्या पणजीचे उत्तर दिसते. ज्यांना आत जाऊ दिले नाही त्यांनी जगातील सर्वांत भरीव इमारतीला आतली बाजू करून दिली आणि तिची दारे चारही दिशांना ठेवली.

म्हणून कोणी असे समजू नये की मी घुमटाच्या विरुद्ध आहे. मुंबईत गोराईला विपश्यना पॅगोडा आहे. त्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि सुमारे ८००० साधक एका वेळी बसतात. दगडात दगड अडकवून तो घुमट रचलेला आहे, प्रत्येक दगड शेजारच्याच्या आधाराने वर राहिला आहे. तेथे घुमट हीच रचना आहे, ती काढून घेतली तर काही उरत नाही. नागपूरच्या घुमटाला इतिहासाचे कारण आहे, गोराईच्या घुमटाला बांधणीचे. आपल्या संकल्पचित्रातील घुमटाला कोणते कारण आहे, एवढाच माझा प्रश्न आहे. सपाट स्लॅबवर आरसीसीचे कवच ठेवायचे, त्याला पांढरा रंग द्यायचा, आणि खाली मुलांना बसवायचे. उन्हाळ्यात ते कवच दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहते. जेथे कवच स्लॅबला मिळते तेथे चार-पाच पावसाळ्यांत भेग पडते आणि पाणी झिरपू लागते. घुमटावर चढून वॉटरप्रूफिंग करणे सोपे नाही आणि स्वस्तही नाही. आणि आवाज! गुळगुळीत प्लास्टरचा अर्धगोल आणि खाली संगमरवर असेल तर आवाज बराच वेळ घुमत राहतो. एका भन्तेंचे संथ सुत्तपठण त्यात गंभीर वाटेल. तीनशे मुलांचे त्रिसरण एकमेकांत मिसळून एक शब्दही कळणार नाही. पत्र्याखाली आम्हाला पावसाने ऐकू येत नव्हते, नव्या विहारात मुलांना स्वतःच्याच आवाजाने ऐकू येणार नाही.

पण घुमटापेक्षा मला अधिक चिंता कुलपाची आहे. हे लिहिताना संकोच होतो, कारण ही आपल्या घरातली गोष्ट आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी नाशिक आणि आजूबाजूच्या तालुक्यांतील खेड्यांतले विहार पाहत हिंडते आहे. आयाबायांनी निंदणी-खुरपणीच्या मजुरीतून, तरुणांनी कंपनीतल्या पगारातून पैसे काढून ते बांधले आहेत. एकेका विहाराची गोष्ट ऐकताना डोळे भरून येतात. आणि तरी मी गेले तेव्हा त्यांतील कितीतरींना कुलूप होते. किल्ली कोणाकडे, हे विचारत घरोघर जावे लागले. १४ एप्रिल, वैशाख पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. बाकी दिवस दार बंद. कारणे खरी आहेत. मूर्तीची काळजी, दानपेटीची काळजी, जनावरे शिरतात, पोरे पत्ते खेळतात. एका गावात मात्र विहाराच्या ओसरीवर सकाळी बालवाडी भरत होती आणि रात्री दिव्याखाली स्पर्धा परीक्षेची मुले अभ्यास करीत होती. तिथे किल्लीची चौकशी करावी लागली नाही. तो विहार दिसायला अगदी साधा होता: चार भिंती, पुढे रुंद ओसरी, वर पत्रा. फरक ओसरीचा होता. आतले दालन बंद असले तरी ओसरी बंद करता येत नव्हती. पणजीच्या पिढीपुढे दार दुसऱ्यांनी बंद केले होते. आपल्या विहाराची किल्ली आपल्याच खिशात आहे.

तेव्हा नव्या विहारासंबंधी माझे म्हणणे असे. घुमट लहान करावा किंवा काढून टाकावा, आणि त्या पैशांत ओसरी वाढवावी. ती तिन्ही बाजूंना असावी, मुले पाठ टेकून बसतील इतकी रुंद असावी, आणि तिच्या कडेने भिंतीला लागून बाक असावा, जसा त्रिरश्मीच्या तिसऱ्या लेण्यात आहे. आतले दालन सपाट छताचे, छत उंच, वरच्या बाजूला उजेडासाठी झरोके. मागच्या बाजूला दोन-तीन साध्या खोल्या, जेणेकरून वर्षावासात एखाद्या भन्तेंना किंवा सुटीत आलेल्या माजी विद्यार्थ्याला राहता येईल, आणि तो खऱ्या अर्थाने विहार होईल. एक खोली पुस्तकांसाठी. छपरावरचे पाणी गोळा करणारे एक टाके, म्हणजे आपली पोढी. उन्हाळ्यात आपल्या आवारात टँकर येतो हे पालकांना माहीत आहेच. बांधकाम विटांचे, आणि कोरियांच्या संग्रहालयासारखे सारख्या दालनांचे, म्हणजे यंदा तीन दालने, पुढच्या पाच वर्षांत आणखी दोन असे करता येईल. सारे एकदम व्हावे म्हणून कर्ज काढण्याची गरज पडू नये.

यातले काहीही पटले नाही तरी एक गोष्ट मात्र समितीने मान्य करावी, अशी माझी विनंती आहे. जमलेल्या निधीचा पाचवा हिस्सा बांधकामात घालू नये. तो बँकेत मुदत ठेवीत ठेवावा, आणि ठरावात लिहून ठेवावे की मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे, तेही रंग, छपराची दुरुस्ती, दिवे आणि वाचनालयातील पुस्तके यांसाठी. दरवर्षी त्याचा हिशेब विहाराच्या भिंतीवर लावावा. दात्यांची नावे लावतो तिथेच. जपानमधील होर्यूजी येथील लाकडी वास्तू तेराशे वर्षांच्या आसपास उभ्या आहेत; लाकूड अमर असते म्हणून नव्हे, तर सुतारांच्या पिढ्यांनी त्या वेळोवेळी सुट्या करून, कुजलेला भाग बदलून पुन्हा जोडल्या म्हणून. इमारत बांधायला वर्गणी मिळते, कारण बांधणे दिसते. दुरुस्तीला वर्गणी मिळत नाही. उषवदाताला हे माहीत असावे.

हा आराखडा मी कागदावर काढून सरांकडे दिला आहे. समितीला तो आवडला तर पुढची सारी रेखाटने मी विनामूल्य करून देईन. महाविद्यालयातील माझ्या मार्गदर्शकांनी ती तपासून देण्याचे मान्य केले आहे. रीतसर परवानगीसाठी मात्र नोंदणीकृत वास्तुकाराची सही लागेल, कारण मला अजून परवाना नाही.

सरांनी आराखडा नीट पाहिला. ओसरी त्यांना आवडली, टाकेही. ठेवीच्या प्रस्तावावर ते म्हणाले की हे सभेपुढे मांडू. एका गोष्टीवर आमचे अद्याप जमलेले नाही. ओसरीला जाळीचे दार नसावे असे माझे म्हणणे; रात्री कुत्री येऊन बसतील असे त्यांचे. मी गुडघ्याएवढी भिंत घालून पाहिली, त्यावर ते म्हणाले की कुत्री उडी मारतात. नवीन चित्रात दार आहे, पण त्याला कडी काढलेली नाही. सरांच्या ते अजून लक्षात आलेले नाही.